मागच्या सीटवरची बडबड

आमच्या ह्यांच्या मागे गाडीवर बसले की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होतो, याची मांडवीभर थट्टा आहे. जेट्टीवरचा भेळवाला म्हणतो, काकी, काकांना जरा श्वास घेऊ द्या. माझी सून स्नेहल म्हणते, आई म्हणजे रेडिओ, किल्ली फिरवली की लागल्याच. म्हणू देत मेली सगळी. मी तोंड मिटून बसले असते तर हीच मंडळी पांढरे कपडे घालून आमच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे मेल्यावरच्या कार्याला, आली असती.

ह्यांचं नाव काशीराम. सगळी नोकरी अलोऱ्याला, कोयनेच्या वसाहतीत कारकुनी केली, आणि रिटायर झाल्यावर आम्ही रत्नागिरीत दोन खोल्या घेतल्या. घरात बसणं हे ह्यांच्या कुंडलीत नाही. कुंडली आम्ही मानत नाही, पण बोलायची रीत. संध्याकाळ झाली की मांडवी, रविवार आला की भाट्ये, कुणी गणपतीपुळ्याचं नाव काढलं की लगेच गाडी बाहेर. अलोऱ्याच्या जुन्या दोस्तांकडे जायचं तरी स्कूटर, जयगडला माझ्या माहेरी जायचं तरी स्कूटर. लग्न झालं तेव्हापासून मी मागच्या सीटवर आहे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. भांडण झालेलं असलं तरी मागे बसावंच लागायचं, आणि घर येईपर्यंत ते मिटलेलं असायचं.

मग एका सकाळी ह्यांनी सायकलवरच्या पाववाल्याला धडक दिली. सरळ रस्ता, लख्ख उजेड, पाव रस्ताभर. हे म्हणाले, हा मेला आला कुठून? तो कुठून येणार, चांगला शेजारून चालला होता. तेव्हा मी हट्ट धरून ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मशीनपुढे बसवलं, बराच वेळ तपासलं आणि सांगितलं, काचबिंदू आहे. समोरचं स्वच्छ दिसतं, पण दोन्ही बाजूंचं दिसणं गेलंय. नळीतून बघावं तसं हे बघतात. गेलंय ते परत यायचं नाही, उरलंय ते टिकवायला रोज थेंब घाला. आणि गाडी आजपासून बंद.

ह्यांनी सगळं मान हलवून ऐकलं. बाहेर आलो, ह्यांनी खिशातून किल्ली काढली, गाडीला लावली आणि मला म्हणाले, बस. मी म्हटलं, अहो, त्या काय म्हणाल्या आत्ता? तर म्हणे डॉक्टर सगळ्यांनाच असं सांगतात, आणि राकेशला यातलं अवाक्षर कळता कामा नये. राकेश आमचा मुलगा, मुंबईला असतो, त्याला कळलं असतं तर त्याने गाडी काढून घेतली असती. आता मी बसले नाही तर हे एकटे जाणार, हे मला दिसत होतं. म्हणून बसले.

पहिल्या दिवशी मी सरळ सांगायला लागले, अहो, डावीकडून रिक्षा येतेय. हे भर रस्त्यात गाडी थांबवून गरजले की मला दिसतंय, तू शिकवू नकोस. आता काय करावं? मग मी युक्ती केली. रिक्षा आली की म्हणायचं, अगोबाई, ही डाव्या अंगाची रिक्षा किती नवी दिसते. म्हैस आली की म्हणायचं, ही उजवीकडची म्हैस कुणाची हो, भारी माजलीय. कुणी बाई चालली असली की तिची साडी, कुत्रं असलं की त्याचा रंग. हे म्हणायचे, असेल कुणाची तरी, आणि गाडी हळूच बाजूला घ्यायचे. त्यांचा मान राहिला, आमचे जीव राहिले. आम्ही दोघांनी यावर एक शब्द कधी काढला नाही. मला आपलं वाटायचं, ह्यांच्या लक्षातच येत नाही, मी बोलते म्हणून आपण वाचतो ते.

गाडी बंद व्हावी म्हणून मी काय कमी केलं? किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली, ती ह्यांनी शोधली. चाकातली हवा काढली, हे भर उन्हात गाडी ढकलत नेऊन भरून आले आणि येताना मला गजरा घेऊन आले. त्यावर भांडायचं तरी कसं?

यंदा मे महिन्यात वेदिका आमच्याकडे राहणार होती. राकेशची मुलगी, सहा वर्षांची. स्नेहलला नवी नोकरी लागली होती आणि शाळा उघडेपर्यंत पोरीला ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता. स्नेहलने फोनवर विचारलं तेव्हा मी वाक्य पुरं सुद्धा होऊ दिलं नाही, म्हटलं पाठव. आजवर नात आली ती चार दिवसांची पाहुणी म्हणून, आईच्या कुशीतच झोपायची. आता अख्खा महिना माझ्याजवळ राहणार, माझ्या हातचं जेवणार, मी तिची वेणी घालणार. मी पडवीत झोपाळा टांगला, आंब्याची साठं घातली, शेजारच्या नम्रताकडून तिच्या मुलीची खेळणी मागून आणली. मी नुसती हवेत होते. आणि हे म्हणाले, पोरीला रोज गाडीवरून फिरवीन, पुढे उभी करीन, तिला अख्खी रत्नागिरी दाखवीन. मला तो पाववाला आठवला. पण मी मनाला समजावलं, मी मागे असेनच की.

राकेश, स्नेहल आणि वेदिका त्यांच्या गाडीने आले. चार दिवस राहून दोघं परत जाणार, पोर ठेवून. त्यातच बुद्धपौर्णिमा आली, आणि त्या दिवशी आमचं सगळ्यांचं जयगडला माझ्या धोंडूदादाकडे जायचं ठरलेलंच असतं. दादा तिथल्या बंदरावर पहारेकरी आहे. बंदर झाल्यापासून त्या रस्त्याला नुसते ट्रेलर, एकेक असा की घराएवढा. राकेश म्हणाला, बाबा, आमच्या गाडीत बसा ना. पण मुलाच्या गाडीत मागे बसून जाणं ह्यांना कमीपणाचं. आम्ही आपले स्कूटरवर, आरे-वारेच्या वाटेने. तो चढउतार, ती वळणं, आणि सुट्टीची गर्दी. जयगडला पोचेपर्यंत माझा घसा बसला होता. दादाची बायको म्हणाली, वन्सं, वाटेत कुणाशी भांडण काढलंत की काय?

वंदना झाली, वहिनीने खिरीसाठी दूध तापत ठेवलं, आणि उन्हाने ते नासलं. बुद्धपौर्णिमेला घरात खीर नाही म्हणजे काय? वहिनीचा जीव खालीवर झाला. हे लगेच उठले. मी नाक्यावरून दूध आणतो, म्हणाले, चल गो वेदू. पोर टुणकन उडी मारून तयार. माझे हात कणकेत होते. मी तशीच बाहेर अंगणात, खळ्यात धावले. तोवर ही पुढे उभी राहिलेली, ह्यांनी गाडी सुरू केलेली.

मी म्हटलं, थांबा, मी पण येते. हे म्हणाले, दुधाच्या पिशवीला तीन माणसं? सगळे हसले. राकेश म्हणाला, आई, एक दिवस बाबांचे कान मोकळे राहू देत. मी गाडीचं हँडल धरलं, कणकेच्या हातांनी.

"राकेश, तुझ्या बाबांना दिसत नाही. पोरीला उतरव."

स्नेहल पुढे आली. ह्यांनी गाडी बंद केली, माझ्याकडे बघितलं, आणि मग हसले. त्या हसण्याची मला चीड आली. हे दादाला म्हणाले, धोंडू, तुझ्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसतंय का तुला इथून? आणि खळ्यातून, दारातून, आतल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरचा मजकूर घडाघडा वाचला. बारीक अक्षरातला सुद्धा. दादाला त्यातलं काही वाचता येईना, त्याने डोळे चोळले. राकेश मला म्हणाला, आई, मोतीबिंदू वगैरे असेल थोडा, ऑपरेशन करू. मी म्हटलं, मोतीबिंदू नव्हे रे, काचबिंदू. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. हे म्हणाले, थेंब चालू आहेत, डोळ्यांतलं प्रेशर ताब्यात आहे, डॉक्टरीण खूश आहे. मी म्हटलं, गाडीवर मी बडबडते ती कशासाठी वाटते तुम्हाला? मी ह्यांना रस्ता सांगते. यावर तर सगळे पोट धरून हसले. दादा, माझा सख्खा भाऊ, म्हणाला की प्रेमलाच्या तोंडाला शेवटी कारण सापडलं.

राकेश तेवढा हसला नाही. तो माझ्याशी शांतपणे बोलला, लहान मुलाशी बोलावं तसं.

"आई, बाबांना दिसत नसतं तर तू रोज त्यांच्या मागे बसली असतीस का? आज इतक्या लांब आली असतीस का?"

मी बसते, म्हणजे ह्यांना दिसत असणार, असा हिशेब लावून ठेवला सगळ्यांनी. राकेश पुढे म्हणाला, दिवाळीत आलो की मी स्वतः त्यांना मोठ्या डॉक्टरकडे नेईन, तुझ्या मनाचं समाधान होईल. माझ्या मनाचं समाधान! ह्यांनी हँडलवरची कणीक रुमालाने पुसली आणि दोघं गेले.

दादाचं घर रस्त्याच्या वर आहे, मधे काजूची झाडं. आवाज येतो, दिसत काही नाही. मी पाखाडीच्या, रस्त्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या, टोकाला उभी राहिले. खालून एक ट्रेलर गेला, त्याचा हॉर्न किती वेळ वाजत राहिला. मग दुसरा गेला. वहिनी मला आत बोलवायला आली, ऊन लागेल म्हणाली. मी तिच्यावर खेकसले. आणि तिथेच पायरीवर बसले. स्नेहल तेवढी माझ्याजवळ येऊन उभी राहिली, पण तिला माझी काळजी वाटत होती, पोरीची नाही.

आणि आले दोघं. धडधाकट, दुधाच्या पिशव्या घेऊन. माझ्या डोळ्यांना धार लागली, तर सगळ्यांना वाटलं, हिचं आता वय झालं.

खीर झाली. सगळे पंगतीला बसले तेव्हा स्नेहलने वेदिकाला विचारलं, मजा आली का गं? पोर म्हणाली, हो, आजोबा म्हणाले आजी बोलते तसं बोलत राहायचं, डावीकडचं आणि उजवीकडचं. आणि तिने हुबेहूब माझा आवाज काढला. अगोबाई, ही डाव्या अंगाची गाय कुणाची हो. अगोबाई, हा उजवीकडचा माणूस किती शहाणा, मधूनच चालतोय. मान सुद्धा माझ्यासारखीच हलवली. पंगतीत हशा पिकला, दादाला ठसका लागला, राकेशने तिला पुन्हा करायला लावलं आणि मोबाईलवर घेतलं.

मी ह्यांच्याकडे बघत होते. हे हसत नव्हते. खाली मान घालून खीर खात होते. म्हणजे ह्यांना सगळं ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं मी का बोलते ते. आणि मी नव्हते तेव्हा ह्यांनी माझ्या जागी सहा वर्षांचं पोर ठेवलं. वर्षानुवर्षं मी ज्या माणसाचा मान सांभाळला, त्याला तिथल्या तिथे उठवून चार शब्द सुनवावेत असं वाटलं, पण घास गिळून बसून राहिले. बोलून कोण ऐकणार होतं?

जेवणं झाल्यावर हे मागे फणसाखाली एकटे बसले होते, तिथे मी गेले. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं. हे म्हणाले, हो. इतकंच. मी म्हटलं, ती लहान आहे, तिचं लक्ष फुलपाखराकडे गेलं तर? एखादी गाडी सांगायची राहिली तर? मग मी स्पष्टच सांगितलं, की गाडी राकेशला देऊन टाका आणि पोर राहू दे, नाहीतर गाडी ठेवा आणि पोर जाऊ दे. दोन्ही मिळायचं नाही.

ह्यांनी खाली पडलेलं फणसाचं पान उचललं आणि बोटांत फिरवायला लागले.

"गाडी गेली की मी कुठे जाणार, प्रेमला? पडवीत बसेन. तू येताजाता माझ्याकडे बघशील, त्या नजरेने."

माझा राग कुठच्या कुठे गेला. ह्या माणसाचा मला इतका कळवळा आला की जवळ बसून त्यांचा हात धरावा, असं वाटलं. पण हात धरला असता तर मी हरले असते. मी म्हटलं, पोरं परवा जाणार आहेत, तोवर मला सांगा. हे म्हणाले, सांगतो.

संध्याकाळी आम्ही रत्नागिरीला परतलो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हे गाडी घेऊन गेले. मी बाजारात होते, मला कळलंच नाही. घरी आले तर गाडी दारात उभी, आणि तिला पुढे एक छोटी लाल सीट बसवलेली, लहान मुलांची, पट्ट्यासकट. वेदिका तिच्यावर बसून हॉर्न वाजवत होती. हे मला म्हणाले, बघ, आता पडायची भीती नाही. ह्यांचा चेहरा इतका आशेने भरलेला होता की मी बाजाराची पिशवी घेऊन सरळ आत गेले. हेच ह्यांचं उत्तर होतं.

मी रात्रीचा स्वयंपाक करता करता राकेशला स्वयंपाकघरात बोलावलं. खरं एकदा सांगून झालं होतं, त्याचं हसं झालं होतं. आता खोटं सांगितलं. म्हटलं, वेदिकाला घेऊन जा. माझे गुडघे दुखतात, महिनाभर लहान पोर माझ्याने होणार नाही. राकेश म्हणाला, आई, तूच पाठव म्हणालीस. स्नेहलची नोकरी नवी आहे, आत्ता ऐनवेळी आम्ही काय करायचं? मी म्हटलं, कुणी बाई बघा, पाळणाघर बघा. तो म्हणाला, बाबा आहेत ना, ते सांभाळतील तिला, फिरवतील. मी म्हटलं, मला नको. असं तोंडाने म्हणाले मी, माझ्या नातीला, मला नको. भाजी ढवळत होते म्हणून बरं, त्याला माझं तोंड दिसलं नाही.

स्नेहल मला एक शब्द उलटून बोलली नाही. तिने मुकाट्याने पोरीचे कपडे परत बॅगेत भरले. कपाटात मी वेदिकासाठी एक खण रिकामा करून ठेवला होता, तो तिने पुसून बंद केला. माझ्याशी ती जेवढ्यास तेवढं बोलत राहिली, आणि मला ते शिव्यांपेक्षा लागलं. आता हिचं मन पूर्वीसारखं माझ्याकडे वळायचं नाही, हे मला कळून चुकलं. ह्यांनी मात्र मला काही विचारलं नाही. गुडघ्यांचं कारण ऐकलं, टीव्हीकडे बघत राहिले, आणि नंतर जाऊन ती लाल सीट स्वतःच्या हातांनी काढून ठेवली. किल्ली तेवढी खिशातच राहिली.

सकाळी मंडळी निघाली. सामान भरलं, साठं दिली, फणस दिला. राकेश पाया पडला, पण डोळ्याला डोळा न देता. वेदिका मागच्या सीटवर बसली होती, रडून डोळे सुजलेले. हे पुढे उभे राहून राकेशला रस्ता सांगत होते, कुठे काम चालू आहे, कुठून वळायचं. वेदिकाने खिडकीतून मला बोटाने खूण केली, जवळ ये म्हणून. मी वाकले. तिने माझ्या कानाला तोंड लावलं.

"आजी, त्या दिवशी दूध आणताना मोठा ट्रक आला ना, तेव्हा मी घाबरले आणि गप्पच बसले. आजोबांना सांगितलंच नाही. आजोबा म्हणाले, कुणाला सांगू नको. म्हणून पाठवतेस का मला?"

राकेशने गाडी सुरू केली. मी तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हटलं, नाही गो बाय, तू सगळं बरोबर सांगितलंस. दुसरं काय सांगणार होते मी तिला?